ओळखीचा आवाज

न्यूझीलंडच्या राजधानीतून, वेलिंग्टनहून, ईशान्येकडे निघालं की रेमुटाका डोंगराचा वळणावळणांचा घाट लागतो. घाट उतरला की वायरारापाचं हिरवं, मोकळं खोरं समोर येतं. मेंढ्या पाळणाऱ्यांचा आणि दूधदुभत्यावर जगणाऱ्यांचा हा मुलूख. राजकारणात तो नॅशनल या उजव्या पक्षाकडे कललेला. १९९९ पर्यंत इथले खासदार होते वायट क्रीच, आणि ते तर देशाचे उपपंतप्रधान.

२७ नोव्हेंबर १९९९ रोजी याच मतदारसंघाने लेबर पक्षाच्या जॉर्जिना बायर यांना ३,०३३ मतांच्या आघाडीने संसदेत पाठवलं. जॉर्जिना माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, होत्या. जन्माच्या वेळी त्यांची नोंद मुलगा म्हणून झाली होती. तरुणपणी वेलिंग्टनच्या रस्त्यांवर देहविक्री करून त्यांनी पोट भरलं होतं. आणि यातली एकही गोष्ट त्यांनी मतदारांपासून लपवली नव्हती. उघडपणे ट्रान्सजेंडर असलेली व्यक्ती एखाद्या देशाच्या संसदेत निवडून जाण्याची जगातली ही पहिलीच वेळ.

न्यूझीलंडची निवडणूक पद्धत माहीत असलेल्याला इथे एक शंका येईल. तिथे १९९६ पासून प्रत्येक मतदाराला दोन मतं असतात, एक पक्षाला आणि एक आपल्या भागातल्या उमेदवाराला. पक्षाच्या मतांवर यादीतले लोक संसदेत जातात. म्हणजे एखाद्या पक्षाने पुरोगामी दिसण्यासाठी कुणाला यादीत वर ठेवलं, तर त्या व्यक्तीला एकाही गावाने पसंत करण्याची गरज नसते. जॉर्जिना तशा गेल्या नाहीत. लोकांनी त्यांच्या नावापुढे खूण केली, डोंगरापलीकडच्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, आज्यांनी आणि आजोबांनी. ज्या गल्ल्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे हे घडलं. जॉर्जिना जगात पहिल्या ठरल्या याचं मला कौतुक आहेच. पण त्याहून मोठं नवल मला या गावांचं वाटतं. ती गावं इथवर कशी आली, हे उलगडायचं तर बरंच मागे जावं लागतं.

जॉर्जिनाचा जन्म १९५७ चा, वेलिंग्टनचा. सुरुवातीची वर्षं गेली तारानाकी भागात, आजीआजोबांच्या शेतावर. आईवडील लवकर विभक्त झाले, आईने पुन्हा लग्न केलं, आणि ‘बायर’ हे आडनाव सावत्र वडिलांकडून आलं. आपण मुलगा नाही, हे तिला अगदी लहानपणापासून कळत होतं आणि ते दिसलं की मोठ्यांकडून शिक्षा होते, हेही कळत होतं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तिला अभिनेत्री व्हायचं होतं. सत्तरच्या दशकातल्या वेलिंग्टनमध्ये अशा पोरीला नाटकाच्या दारातून कुणी आत घेईना. व्हिव्हियन स्ट्रीटवरची दारं मात्र उघडी होती.

त्या रस्त्याबद्दल आणि तिथल्या कार्मेन रूप यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट तिथे रुजली आहे. कार्मेन माओरी होत्या, ट्रान्सजेंडर होत्या आणि त्यांचं कॉफी हाऊस रात्रभर गजबजलेलं असे. गिऱ्हाइकाने टेबलावर कप कसा ठेवला, उलटा, आडवा की बशीवर, त्यावरून त्याला कोणाची सोबत हवी आहे ते ओळखलं जाई. तिथे खलाशी येत आणि प्रतिष्ठितही येत. १९७५ मध्ये टीव्हीवरच्या एका मुलाखतीत कार्मेन बोलून गेल्या की काही खासदार समलैंगिक किंवा उभयलैंगिक आहेत. लगेच संसदेच्या विशेषाधिकार समितीने त्यांना समोर बोलावलं. दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, त्या वेलिंग्टनच्या महापौरपदासाठी उभ्या राहिल्या. त्यांच्या जाहीरनाम्यात समलैंगिकांच्या लग्नाला मान्यता होती आणि वेश्यागृहं कायदेशीर करण्याचं आश्वासन होतं. लोकांनी ती गंमत समजली. कार्मेन हरल्या आणि पुढे सिडनीला जाऊन राहिल्या.

जॉर्जिना याच जगात वाढल्या. त्या गात, नाचत, स्टेजवर उभ्या राहत आणि भाडं भरायला पैसे नसले की रस्त्यावर उभ्या राहत. १९७९ मध्ये सिडनीत चार पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. पोलिसांकडे जाण्यात अर्थ नव्हता, कारण तिथे पहिला प्रश्न त्यांच्याच धंद्याचा निघाला असता. आयुष्याची दिशा बदलायची हे आपण त्या घटनेनंतर ठरवलं, असं त्या पुढे अनेकदा सांगत. १९८४ मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. मग अभिनयाची कामं मिळू लागली. पीटर वेल्स यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ज्वेल्स डार्ल’ या टीव्ही नाट्यातली त्यांची ट्रान्सजेंडर नायिका इतकी खरी होती की १९८७ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी त्यांचं नाव पुढे आलं. ते साल लक्षात घेतलं पाहिजे. पुरुषांमधले समलैंगिक संबंध न्यूझीलंडमध्ये गुन्हा राहिले नाहीत ते जेमतेम एक वर्ष आधी, १९८६ मध्ये.

एवढं झालं तरी कामाचा ओघ लागला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्जिना शहर सोडून वायरारापातल्या कार्टरटनला आल्या. सगळा तालुका मिळून सातेक हजार वस्ती. इथे त्यांनी दोन कामं केली आणि दोन्ही वरवर किरकोळ. कम्युनिटी सेंटरमध्ये बेकार तरुणांना नाटक शिकवलं आणि स्थानिक रेडिओवर निवेदन केलं.

रेडिओच्या या कामामागे एक कायदा होता. न्यूझीलंडने १९८९ मध्ये लहरींचा कायदा बदलला. तोवर सरकारच्या मुठीत असलेल्या फ्रीक्वेन्सी आता विकत घेता येऊ लागल्या, आणि लहान लहान गावांतही खासगी एफएम केंद्रं निघाली. अशा केंद्राला मोठे गायक, मोठी नावं परवडत नाहीत. त्याचं सगळं भांडवल म्हणजे जवळीक. घाटात धुकं आहे का, शाळेचा सामना कुणी जिंकला, बाजारात भाव काय फुटला, कुणाचं कुत्रं हरवलंय. ऐकणारा धारा काढताना ऐकतो, गाडीत ऐकतो, दुकानाच्या गल्ल्यावर ऐकतो. असा आवाज महिनोन्‌महिने घरात येत राहिला की तो घरचा होतो. जॉर्जिनांचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार, नाटकाच्या तालमीत घडलेला. समोर दिसणाऱ्या देहावरून माणसाबद्दल मत बनवण्याची आपली जी खोड असते, तिला रेडिओवर वावच मिळत नाही. आधी बोलणं कळतं. मग कधीतरी चौकात ती व्यक्ती भेटते, आणि तोवर ओळख झालेली असते. जॉर्जिनांनी पुढे जी मतं मिळवली त्यांची मुळं इथे होती, असं मला वाटतं.

नाटकाच्या वर्गाने दुसरी बाजू दिली. १९९१ मध्ये नॅशनल सरकारच्या अर्थमंत्री रूथ रिचर्डसन यांनी बेकारभत्ता आणि इतर मदतीला मोठी कात्री लावली. त्याचे चटके कार्टरटनमध्येही बसले. वर्गात येणारी मुलं, त्यांच्या आया, सगळ्यांचे प्रश्न जॉर्जिनांपर्यंत येऊ लागले, आणि ते नगरपरिषदेत कुणी मांडायचे हा प्रश्न आला की लोक त्यांच्याकडे पाहू लागले. बोलता येतं, घाबरत नाही, आणि स्वतः हालअपेष्टा भोगलेल्या आहेत. १९९३ मध्ये त्या नगरपरिषदेवर निवडून आल्या आणि १९९५ मध्ये थेट निवडणुकीत नगराध्यक्ष, म्हणजे तिथल्या मेयर, झाल्या. ट्रान्सजेंडर मेयरही जगातल्या पहिल्याच.

१९९५ च्या निकालाची बातमी जगभर गेली, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो १९९८ चा निकाल. पहिल्यांदा एखाद्याला निवडून देण्यात कुतूहल असू शकतं, जुन्या नगराध्यक्षांवरचा राग असू शकतो. दुसऱ्यांदा लोक हिशेब मांडतात. रस्ते झाले का, पाणी आलं का, फोन केला तर उचलला का. १९९८ मध्ये कार्टरटनने जॉर्जिनांना सुमारे ९० टक्के मतं दिली. तोवर परदेशी वार्ताहर त्यांच्या देहाविषयी आणि भूतकाळाविषयी विचारायला येत, आणि गावकरी त्यांना आमच्या मेयरबाई काम कसं करतात ते ऐकवत.

मग १९९९ ची संसदेची निवडणूक. समोर नॅशनल पक्षाने उभं केलं पॉल हेन्री यांना. तेही प्रसारमाध्यमांतलेच, बोलण्यात पटाईत, पुढे देशभर गाजलेले टीव्ही निवेदक. एका ग्रामीण मतदारसंघात दोन निवेदकांची लढत झाली आणि शेतकऱ्यांनी जॉर्जिनांचा आवाज निवडला. २००२ मध्ये त्यांची आघाडी दुपटीहून अधिक वाढली.

संसदेतल्या पहिल्या भाषणात त्यांनी आपण कोण आहोत ते स्वतःच सांगून टाकलं, की या सभागृहातच काय, जगात कुठल्याही संसदेत उभी राहिलेली ही पहिली ट्रान्ससेक्शुअल व्यक्ती आहे. दुसऱ्याने कुजबुजत सांगण्याआधी आपण माइकवर सांगून टाकावं, हे बहुधा रेडिओनेच शिकवलेलं असावं.

आता २५ जून २००३. त्या रात्रीचं महत्त्व कळायला जुना कायदा समजून घ्यायला हवा. न्यूझीलंडमध्ये पैसे देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचा गुन्हा होत नसे. ज्या बाईने रस्त्यावर त्याला विचारलं, तिचा होत असे. वेश्यागृह चालवणं गुन्हा होता. पर्समध्ये कंडोम सापडले तर पोलीस ते पुरावा म्हणून धरत, आणि एड्सच्या काळात त्याचा अर्थ असा होई की जी स्वतःला जपते ती पकडली जाते. गुन्ह्याची नोंद एकदा झाली की दुसरी नोकरी मिळणं अवघड. मार खाल्ला, बलात्कार झाला, तर तक्रार करायला गेलेलीच आरोपी होण्याची भीती. देहविक्री करणाऱ्यांची संघटना आणि तिच्या नेत्या कॅथरीन हीली वर्षानुवर्षं हे मांडत होत्या. लेबरचे खासदार टिम बार्नेट यांनी या कामाला गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणारं खासगी विधेयक आणलं. या विधेयकावर पक्षादेश नव्हता. १२० जणांपैकी प्रत्येकाने आपापल्या सदसद्विवेकाने मत द्यायचं होतं. शेवटच्या दिवशीही कुणाला खात्री नव्हती.

जॉर्जिना बोलायला उठल्या. सभागृहातल्या इतर सर्वांसाठी हा धोरणाचा विषय होता, नीतीचा होता, आकडेवारीचा होता. हे काम स्वतः केलेल्या त्या एकट्याच होत्या, आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. कोवळ्या वयात, धंद्यावर असताना आपल्यावर बलात्कार झाला होता, सुरा रोखलेला होता; असा कायदा तेव्हा असता तर पोलीस ठाण्यात जाऊन ‘मी हे काम करते, आणि तरीही माझ्यावर जे झालं तो गुन्हा आहे’ एवढं म्हणता आलं असतं. विशीही न गाठता मेलेल्या आपल्या ओळखीच्या मुलींसाठी मी या विधेयकाच्या बाजूने आहे, असं त्या म्हणाल्या. काही कुंपणावरचे सदस्य त्या भाषणानंतर बाजूने आले असं मानलं जातं.

मतमोजणी झाली. बाजूने ६०, विरोधात ५९. एक सदस्य तटस्थ राहिले, अश्रफ चौधरी, देशाचे पहिले मुस्लिम खासदार. आता नियम पहा. न्यूझीलंडच्या संसदेत अध्यक्षांना निर्णायक मत नसतं. मतं समान पडली तर विधेयक पडतं. म्हणजे चौधरी विरोधात गेले असते तर ६० विरुद्ध ६० होऊन सगळं संपलं असतं, आणि जॉर्जिनांच्या बाजूचं एक मत जरी फिरलं असतं तरी तेच. कार्मेन यांच्या १९७७ च्या ज्या जाहीरनाम्याला शहर हसलं होतं, त्यातलं एक कलम २६ वर्षांनी कायदा झालं, आणि ते पार पडलं व्हिव्हियन स्ट्रीटवर वाढलेल्या एका बाईच्या शब्दावर. जेव्हा जेव्हा ही साखळी डोळ्यांपुढे येते तेव्हा मी थक्क होतो.

२००४ मध्ये समलैंगिक जोडप्यांनाही नोंदणीकृत सहजीवनाचा हक्क देणारा कायदा पुढे आला. २३ ऑगस्टला डेस्टिनी चर्चचे हजारो अनुयायी काळे शर्ट घालून, मुठी उगारत संसदेवर चालून आले. त्यात माओरी कुटुंबं पुष्कळ होती, लहान मुलंही. जॉर्जिना बाहेर पटांगणात जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तुमचा द्वेष खपवून घेतला जाणार नाही, असं ओरडून सांगितलं. ९ डिसेंबर २००४ रोजी तो कायदा ६५ विरुद्ध ५५ मतांनी झाला.

पण सगळ्या लढाया अशा सुटल्या नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने त्यांना आतून मोडलं. किनारपट्टीवरच्या माओरींच्या पारंपरिक हक्कांचा न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद करणारं विधेयक त्यांच्याच लेबर सरकारने आणलं. माओरी म्हणून त्यांना ते पटत नव्हतं. वायरारापातल्या मतदारांचा कल सरकारच्या बाजूने होता. निदान तटस्थ राहू द्या, अशी त्यांची मागणी होती आणि पक्षाने ती मानली नाही. याच विधेयकावरून तारियाना तुरिया यांनी लेबर पक्ष सोडून नवा माओरी पक्ष काढला. जॉर्जिना पक्षात राहिल्या, पण ती सल पुढे कधी गेली नाही. प्रतिनिधी म्हणजे मतदारांचा आवाज की स्वतःचा, हा प्रश्न इतक्या निष्ठुरपणे फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि पक्षाने त्या दिवशी त्यांच्यावर अन्याय केला असंच माझं मत आहे. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, त्या माना या माओरींच्या डाव्या पक्षाकडून उभ्या राहिल्या आणि हरल्या.

त्यांचं स्वतःचं विधेयकही होतं. लिंगओळखीवरून होणारा भेदभाव मानवी हक्क कायद्यात नाव घेऊन बेकायदा ठरवावा, एवढंच. २००६ मध्ये सरकारच्या वकिलांनी मत दिलं की ‘लिंगावरून भेदभाव’ या आधीच्या तरतुदीतच ट्रान्सजेंडर व्यक्ती येतात. ते मत हाती आल्यावर जॉर्जिनांनी विधेयक मागे घेतलं. हार दिसते ती, पण त्या मतामुळे हजारो लोकांना एकही नवा शब्द न लिहिता संरक्षण मिळालं. पाठोपाठ मानवी हक्क आयोगाने ट्रान्सजेंडर लोकांच्या अनुभवांची चौकशी केली आणि २००८ मध्ये अहवाल काढला: डॉक्टरकडे जाणं, पासपोर्ट, जन्मदाखला, नोकरी, प्रत्येक दाराशी काय होतं याचा. जगात अशी चौकशी तोवर क्वचितच कुठे झाली होती.

फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी संसद सोडली, आणि इथे मन खट्टू होतं. ज्यांना जग व्याख्यानांना बोलवत होतं, त्यांना देशात नोकरी मिळेना. २०१० मध्ये त्या बेकारभत्त्यावर होत्या, ज्याच्या कपातीविरुद्ध बोलता बोलता राजकारणात आल्या होत्या तोच भत्ता. २०१३ मध्ये मूत्रपिंडं निकामी झाली. चार वर्षं डायलिसिस, मग २०१७ मध्ये एका मित्राने आपलं मूत्रपिंड दिलं. २०२० मध्ये देशाने त्यांना सन्मान दिला. ६ मार्च २०२३ रोजी वेलिंग्टनमध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्या गेल्या.

२००१ मध्ये ॲनी गोल्डसन आणि त्याच पीटर वेल्स यांनी त्यांच्यावर ‘जॉर्जी गर्ल’ हा माहितीपट केला. जमेल तिथून तो जरूर पहा, आणि त्यात जॉर्जिनांच्या बरोबरीने कार्टरटनच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐका.

न्यूझीलंडमध्ये जन्मदाखल्यावरचं लिंग बदलायचं तर पूर्वी कौटुंबिक न्यायालयात जाऊन वैद्यकीय पुरावे द्यावे लागत. १५ जून २०२३ पासून प्रौढ व्यक्तीचं स्वतःचं लेखी निवेदन पुरतं. हा कायदा संसदेने ९ डिसेंबर २०२१ रोजी संमत केला, आणि त्या दिवशी विरोधात एकही मत पडलं नाही.